बांधणारा शेवटी पार होतो

श्री. शिवरुद्रप्पा हालकुडे यांच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी लेख मागताना समितीच्या मंडळींनी मला दोन गोष्टी बजावल्या. आदरानं लिहा आणि आटोपशीर लिहा. आदराची काळजी समितीनं करू नये, तो अर्ध्या शतकाचा मुरलेला आहे. आटोपशीरपणाचं मात्र मी काही कबूल केलेलं नाही. ज्या माणसानं मला एकदा नदीतून ओढून काढलं आणि एकदा माझ्या बहिणीला नदीवरून आणून माझ्या हाती दिलं, त्याच्याविषयी दोन पानांत आवरतं घेणं मला जमणार नाही.

आमची पहिली भेट नदीतच झाली. म्हणजे मी नदीत होतो आणि हालकुडे आप्पा काठावर. फौजेच्या इंजिनियर पलटणीत मी नुकताच भरती झालो होतो. पूल बांधणाऱ्या शिपायाला पोहता आलंच पाहिजे, म्हणून आम्हा नव्यांना पाण्यात उतरवलं होतं. मी नांदेडकडच्या उमरीचा. पोहायला शिकलो ते विहिरीत, तेही जिथं पाणी असेल त्या वर्षी. वाहत्या पाण्यात हातपाय मारत होतो, पण काठ काही जवळ येत नव्हता. काठावर नाईक हुद्द्याचे एक उंच, सावळे फौजी उभे होते. ते ओरडले नाहीत की शिवी दिली नाही. शांतपणे म्हणाले, "आरं, हिरीत पवल्यावानी काय करून राहिला? वर-खाली न्हाई जायचं, आडवं जायचंय."

परमुलखात, हिंदी हुकमांच्या गदारोळात ही बोली कानावर पडली आणि मला आपण बुडतो आहोत याचाही विसर पडला. बाहेर आल्यावर मी विचारलं, "तुम्ही कुठले?" ते म्हणाले, "लातूरकडच्या मुरुडच्या बाजूचा. आन् तू?" मी उमरी सांगितलं. "मंग गाववालाच की," असं म्हणून त्यांनी आपला कोरडा टॉवेल माझ्या अंगावर टाकला. मुरुड आणि उमरी यांच्यामध्ये किती मुलूख पसरलाय ते वाचकांना ठाऊक आहे. पण घरापासून फार लांब गेलं की सगळा मराठवाडा एकाच गल्लीत येतो.

इथं एक खुलासा केला पाहिजे. सगळी पंचक्रोशी त्यांना 'सुभेदार आप्पा' म्हणते. आमंत्रणपत्रिकेवरही तसंच छापलंय. आप्पा निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. सुभेदारी त्यांना फौजेनं दिलेली नाही, गावानं दिली. कुणी सुभेदार म्हटलं की आप्पा आजही न चुकता दुरुस्ती करतात, "हवालदार", आणि ऐकणारा न चुकता म्हणतो, "हाव, सुभेदार." हे गेली कित्येक वर्षं चाललंय आणि दोन्ही बाजू माघार घ्यायला तयार नाहीत.

मग बांगलादेशचं युद्ध आलं. त्या मुलखात रस्त्यांपेक्षा नद्या जास्त, आणि माघार घेणारं सैन्य मागचे पूल उडवत जाणारं. त्यामुळं आमच्या पलटणीला उसंत नव्हती. नावा पाण्यात सोडायच्या, एकमेकींना जोडायच्या, वर फळ्यांची वाट घालायची, गाड्या पार झाल्या की पुढच्या नदीकडं पळायचं. आप्पा तोवर हवालदार झाले होते आणि मी त्यांच्या तुकडीत होतो. त्यांचा एक दंडक होता. पूल कितीही घाईचा असो, सगळी माणसं, सगळ्या गाड्या पार झाल्यावर जो बांधणारा, तो सगळ्यांत शेवटी पार व्हायचा. हा कुठल्या पुस्तकातला नियम होता की आप्पांचा स्वतःचा, ते मला आजतागायत कळलेलं नाही. गळ्यातल्या लिंगाला हात लावायचे, मागं वळून रिकाम्या काठावर एक नजर टाकायचे आणि मग पाऊल उचलायचे. "बांधणारानं आधी पळायचं नसतं," एवढंच म्हणायचे.

शत्रूनं शरणागती पत्करल्याची बातमी आली तेव्हा आम्ही एका मोठ्या नदीवर होतो. तिथल्या लोकांच्या मते ती लहान होती, आमच्या डोळ्यांना गोदावरीच. काय सांगू, त्या दिवशी सगळ्यांचा जीव कसा हलका झाला. कुणी रडलं, कुणी नाचलं, एका धिप्पाड शिपायानं स्वयंपाक्यालाच उचलून घेतलं. घरी जाणार, जिवंत जाणार. आप्पाही हसत होते. पण संध्याकाळी त्यांनी आम्हाला जवळ बसवलं आणि म्हणाले, "लढाई सरली. नदी सरली न्हाई. उद्यापासून पूल काढायचाय. जो तो कमरेला दोर बांधून पाण्यावर जाईल." आम्ही कुरकुर केली. गोळ्या चालू असताना दोर नव्हता, आता शांतता झाल्यावर दावं कशाला? आप्पांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाच्या कमरेची गाठ स्वतः ओढून पाहिली.

दोन नावांच्या मधे पाय घसरून मी गेलो तो त्याच सकाळी. थंडीचे दिवस, अंगात जाड कपडे, पायांत बूट. पाण्यानं मला नावेखाली ओढलं आणि दोरानं मला बाहेर ओढलं. काठावर पडून मी पाणी ओकत होतो आणि आप्पा शेजारी उकिडवे बसून म्हणत होते, "उमरीला जाऊन काय सांगावं रं मी? लढाईत वाचलं आन् सुट्टीत मेलं?" मी त्यांना रागावलेलं कधी पाहिलं नव्हतं, घाबरलेलं तर नाहीच. त्या दिवशी दोन्ही एकदम पाहिलं.

त्याच पुलाची आणखी एक हकीकत आहे आणि आप्पा ती स्वतः कधी सांगणार नाहीत. पूल काढायला घेतला तेव्हा अलीकडच्या काठावर माणसांची ही गर्दी. युद्धात घरदार सोडून आपल्या देशात आलेली माणसं गाठोडी, कोंबड्या, म्हातारे घेऊन परत निघाली होती. आमच्या कप्तानसाहेबांना वरून हुकूम होता, लष्करी पुलावर नागरिक चालणार नाहीत आणि पूल लगोलग उचलायचा, पुढं दुसरीकडं पाहिजे होता. साहेब माणूस वाईट नव्हता, पण हुकूम तो हुकूम. पलीकडं घरं दिसत होती आणि लोक अलीकडं बसून होते.

सामान भरायच्या गाड्या पैलतीरी होत्या, कारण तिकडचा काठ घट्ट होता. आप्पांनी पूल अलीकडच्या टोकापासून सोडायला सुरुवात केली. जोडलेल्या दोन नावा आणि वरच्या फळ्या सुटल्या की त्याचा तराफा होतो. तो तराफा पैलतीरी न्यायचाच होता. आप्पांनी गर्दीकडं पाहून हात केला आणि लोक तराफ्यावर येऊन बसले. साहेब धावत आले. "हालकुडे, पुल पर कोई नहीं आएगा, बोला था ना?" आप्पा सावधान उभे राहिले. "साहब, पुल कहाँ है? पुल तो खुल गया. यह तो सामान जा रहा है." साहेबांनी नदीकडं पाहिलं, बसलेल्या बायाबापड्यांकडं पाहिलं, सिगारेट पेटवली आणि पाठ फिरवून मागच्या रस्त्याची पाहणी करायला लागले. दिवसभर आमचं सामान माणसांसकट पलीकडं जात राहिलं. उतरणारा प्रत्येक जण वाकून आधी मातीला हात लावायचा. शेवटच्या तराफ्यावर एक म्हातारी, तिची शेळी, मी आणि आप्पा होतो. तराफा सुटण्याआधी आप्पांनी मागं वळून काठ पाहिला. काठावर कुणीही नव्हतं.

युद्धानंतर थोड्याच दिवसांत आमच्या दोघांच्याही नोकरीची मुदत भरली आणि आम्ही घरी आलो ते थेट दुष्काळात. दैवाची चेष्टा बघा. पाण्यावर पूल बांधायचं शिकलेली दोन माणसं अशा मुलखात परतली जिथं नद्यांत पाणीच नव्हतं. नांदेडला गोदावरीच्या पात्रात पोरं चेंडू खेळत होती. आप्पांच्या गावची नदी तर मुळात लहान, मांजरेला जाऊन मिळणारी. तिच्यात चप्पल भिजवायलाही ओल नव्हती. मी नांदेडला लोखंडी सामानाचं छोटं दुकान टाकलं. आप्पा गावाकडच्या दुष्काळी कामावर मुकादम झाले.

काम होतं रस्त्याचं. लातूरकडून येणारा कच्चा रस्ता नदीपर्यंत आणि नदीपलीकडून गावापर्यंत. मी भेटायला गेलो तर आप्पा नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन भक्कम दगडी ओटे बांधून घेत होते, आणि प्रत्येक ओट्यात मनगटाएवढ्या जाड लोखंडी कड्या रोवत होते. मधे काही नाही. खडी फोडणाऱ्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"आप्पा, हत्ती बांधनार का कड्याला?" एकीनं विचारलं.

"पूल बांधनार हाय बाई," आप्पा म्हणाले.

"पानी न्हाई आन् पूल?"

"पानी येईल तवा दगड कोन देईल? आज दगड हाय, हात हायती, पोटाला काम पायजे. बांधून ठिवू."

त्या ओट्यांना गावानं 'आप्पाचे देव्हारे' असं नाव दिलं. पुढं कितीतरी वर्षं त्यांच्यावर मिरच्या वाळल्या, पत्त्यांचे डाव रंगले आणि आप्पांची यथेच्छ टिंगल झाली. त्या टिंगलीत मीही मागं नव्हतो. 'आप्पा, देव बसले का देव्हाऱ्यात?' असं मी दर पत्रात विचारायचो.

त्याच दुष्काळात आप्पांनी माझ्या धाकट्या बहिणीचं, गिरजेचं, लग्न जमवलं. वडील गेलेले, घरात मी कर्ता, आणि कर्त्याच्या खिशात वारा. आप्पांच्या चुलतभावाचा मुलगा शाळेत गुरुजी होता. देणं-घेणं नाही, वाजंत्री नाही, शंभर पाहुण्यांचा थाट नाही. गिरजेला मुलगा आवडला होता. अडलं ते आमच्या आईपाशी. आईचं म्हणणं एकच, लेक नदीपल्याड देणार नाही. तिच्या आत्याला म्हणे नदीपल्याड दिली होती, आणि आत्याची आई गेली तेव्हा पुरामुळं आत्या पोचली नाही. "म्या मरताना माझी लेक मला दिसाया पायजे," आई म्हणाली. "माझ्या आज्जीला न्हाई दिसली."

आप्पा तिच्यासमोर जमिनीवर बसले. "मावशी, नदी कोरडी हाय."

"आज हाय. उद्या पानी आलं तर?"

"आलं तर मी हाय."

आईनं त्यांच्याकडं पाहिलं. मला पाण्यातून काढणारा हाच माणूस हे तिला माहीत होतं. शेवटी म्हणाली, "हाव. पर शब्द ध्यानात ठिव, लेकरा." लग्न झालं. वऱ्हाड कोरड्या पात्रातून, त्या दोन देव्हाऱ्यांच्या मधून चालत गेलं आणि नव्या नवरीच्या पायाला धुळीशिवाय काही लागलं नाही.

पुढची वर्षं सुखाची गेली. दर श्रावणात मी मुऱ्हाळी होऊन गिरजेला पंचमीसाठी आणायला जायचो. पाणी असलं तर गुडघाभर, धोतर खोचलं की काम झालं. मधल्या काळात लातूर जिल्हा झाला. आप्पांचं गाव उस्मानाबादेतून लातुरात आलं आणि सगळ्यांना वाटलं, आता कचेरी जवळ आली, आता भाग्य उजाडलं. कचेरी जवळ आली ती नदीच्या पलीकडं.

जिल्हा झाल्याच्या पुढच्या पावसाळ्यात इकडं नांदेडला आईनं अंथरूण धरलं. ताप उतरेना, अन्न जाईना. डॉक्टर बाहेर येऊन मला म्हणाले, "कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या." आईच्या तोंडी एकच नाव, गिरजा. मी तार केली. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मी निघालो, लातूरला उतरलो, गावाकडची बस धरली. बस नदीपाशी जाऊन थांबली आणि मी खाली उतरून पाहिलं. ज्या पात्रातून वऱ्हाड चालत गेलं होतं त्यात लाल पाणी फेसाळत धावत होतं, अख्खी बाभळीची झाडं घेऊन. तार लातुरातच अडकली असणार हे तेव्हा मला कळलं.

पलीकडं माणसं दिसत होती. हाक मारून उपयोग नव्हता, पाण्याच्या आवाजात शेजारच्याचं ऐकू येत नव्हतं. पण मला पाहून कुणीतरी गावात पळत गेलं असावं, कारण थोड्या वेळानं समोरच्या देव्हाऱ्यावर एक उंच माणूस येऊन उभा राहिला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

नदीच्या गोंगाटात हुकूम द्यायच्या आमच्या पलटणीच्या हातांच्या खुणा होत्या. इतक्या वर्षांत मी त्या कुणाला दाखवल्या नव्हत्या, मला वाटलं होतं विसरलोही असेन. पण माझे हात आपोआप उठले. मी आडवं झोपल्याची खूण केली, डोक्यावर पदर घेतल्याची केली, ती काही फौजेतली नव्हती. आप्पांना कळलं. मग त्यांनी गर्दीतून गिरजेला पुढं घेतलं, तिच्याकडं बोट दाखवलं आणि ते बोट माझ्याकडं वळवलं. आईला दिलेला शब्द त्यांच्या लक्षात होता.

शेजारी बसचे ड्रायव्हर बिडी ओढत उभे होते. "ते गृहस्थ काय कवायत करून राहिले?" त्यांनी कानाशी येऊन विचारलं.

"थांब, दोर येतोय, म्हणताहेत."

ड्रायव्हरनी पुराकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "हितून दोर?" म्हणाले आणि बिडी विझवून बाजूला येऊन उभे राहिले.

दोर गोफणीनं आला. गावात आप्पांच्या काशीबाई नावाच्या एक चुलती होत्या, ज्वारीच्या राखणीत त्यांची गोफण पंचक्रोशीत नावाजलेली. दगडाला सुतळी बांधून त्यांनी भिरकावायला सुरुवात केली. सुरुवातीचे दगड पाण्यात गेले. मग एक माझ्या डोक्यावरून मागच्या बाभळीत येऊन अडकला. सुतळीमागं कासरा आला, कासऱ्यामागं मोटेचा जाडजूड नाडा. आप्पांनी खूण केली, कडीला बांध. मी देव्हाऱ्यातल्या कडीला नाडा बांधला. आप्पांनी खूण केली, गाठ दाखव. मी बाजूला झालो. त्यांनी डोळ्यांवर हात धरून नदीपलीकडून गाठ पाहिली आणि खूण केली, पुन्हा बांध. पूर चढलेला, आई अंथरुणाला खिळलेली, आणि हा माणूस मला गाठ सोडून परत मारायला लावतोय. मला हसावं की रडावं कळेना. पण खरं सांगायचं तर पहिली गाठ घाईची होती. दुसरी मी नीट मारली.

आणि नाव? आप्पांच्या भागात गुळाची गुऱ्हाळं. उसाचा रस आटवायची लोखंडी काहील वाचकांनी पाहिली असेल, दोन माणसं आत ऐसपैस झोपतील एवढी. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, काहिली पालथ्या पडलेल्या. आप्पांनी दोन काहिली आणवल्या, मधे तुळया घालून जोडल्या, वर गुरुजींच्या घराची दोन दारं काढून बांधली. त्या नदीवर दुसऱ्याच एका नदीवरचा तराफा उभा राहिला. आधी त्यावर दगड ठेवून त्यांनी तो नाड्याला धरून आमच्याकडं पाठवला. तराफा आला, दगड कोरडे होते. आम्ही दगड उतरवून तराफा परत सोडला. मग आप्पांनी गिरजेच्या कमरेला दोर बांधला, गाठ ओढून पाहिली आणि तिला बसवलं.

पलीकडून गाव दोर सोडत होतं, अलीकडून मी, ड्रायव्हर, कंडक्टर आणि बसमधले उतारू ओढत होतो. मधे धारेला लागल्यावर तराफा एका अंगाला कलला. गिरजेनं डोळे मिटून घेतले. मीही मिटले. उघडले तेव्हा तराफा सरळ झाला होता आणि ती जवळ येत होती. काठाला टेकल्यावर ती माझा हात धरून उभी राहिली.

मग गुरुजी आले, मग अडकून पडलेले आणखी काही लोक. सगळ्यांत शेवटी आप्पा आले. मला वाटलं, आमचा निरोप घ्यायला आलेत. ते ओल्या कपड्यांनिशी सरळ बसमध्ये चढून बसले. "चला. मावशीला शब्द दिलाय, पोचवून येतो," म्हणाले.

नांदेडला घरात शिरलो तेव्हा आई जागी होती. गिरजा तिच्या गळ्यात पडली. आईनं लेकीच्या तोंडावरून हात फिरवला, मग तिच्या मागं दारात उभ्या असलेल्या आप्पांकडं पाहिलं.

"आलं का रं पानी?"

"आलं, मावशी."

"मंग?"

"मंग काय. मी हाय म्हनलो होतो."

आई हसली. त्या आजारपणात पहिल्यांदाच. त्या रात्री तिनं गिरजेच्या हातची पेज घेतली आणि आठवडाभरात ताप उतरला. डॉक्टरांनी ते औषधाच्या खात्यावर घेतलं, आम्ही कुणाच्या खात्यावर घेतलं ते सांगायला नको. पुढं आई खूप वर्षं जगली. नातवंडांची लग्नं पाहिली, आप्पांना दिवाळीचा फराळ धाडत राहिली आणि 'सुभेदार' म्हणत राहिली. तिच्यापुढं मात्र आप्पांनी कधी दुरुस्ती केली नाही.

इतकं सगळं कौतुक केल्यावर आप्पांनी शिव्या खाल्ल्या तेही लिहिलं पाहिजे, नाहीतर हा लेख गौरवाचा होईल पण खरा होणार नाही. नांदेडहून परतल्यावर, पाणी थोडं उतरल्यावर, आप्पांनी आसपासच्या गुऱ्हाळांवरच्या काहिली मागून आणल्या आणि दोन्ही देव्हाऱ्यांच्या मधे चांगला पूल घातला. पावसाळाभर गाव त्यावरून लातूरला जात-येत राहिलं. नव्या जिल्ह्याच्या कचेरीतले एक साहेब बघायला आले. पुलावर दोनदा चालले, खूश झाले आणि म्हणाले, "वा, तुमचं काम भागतंय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी पूल सोडायला घेतला.

गाव खवळलं. गुऱ्हाळं सुरू व्हायला अवकाश होता, काहिलीची कुणाला घाई नव्हती. "डोकं फिरलं का सुभेदाराचं?" "त्याचाच पूल म्हनून काय झालं, वाट गावाची हाय." त्यांच्या घरच्यांशीही काही दिवस कुणी बोलत नव्हतं. आप्पा एकेक काहील मोकळी करत एवढंच म्हणाले, "आपला पूल तात्पुरता हाय. ह्यो ऱ्हायला तर पक्का येनार न्हाई. साहेब काय म्हनला ऐकलं न्हाई का? काम भागतंय म्हनला."

मग ते गावातल्या चार जाणत्यांना घेऊन लातूरला जाऊ लागले. कचेरी भाड्याच्या जागेत, फायली अजून पेट्यांत, कोण साहेब कुठं बसतो ते शिपायालाही ठाऊक नाही. आप्पा बाकावर बसून राहायचे. भांडले नाहीत, कुणाच्या पाया पडले नाहीत. विचारलं की सांगायचे, "आमच्याकडं पूल न्हाई." परतताना कमरेएवढ्या थंड पाण्यातून चालत यायचे आणि सोबतचे लोक त्यांना वाटभर ऐकवायचे. मी एकदा म्हटलं, "आप्पा, तेवढा हिवाळा तरी राहू द्यायचा होता." ते म्हणाले, "फौजेत पूल कायमचा ऱ्हायला असता तर दुसरी नदी कोनी वलांडली असती?"

पक्का पूल यायला काही पावसाळे जावे लागले, पण तो आला. उद्घाटनाला फीत कापायला पुढारी होते, भाषणं झाली, त्यांत आप्पांचं नाव कुणी घेतलं नाही. त्याचा राग मला आजही आहे, आप्पांना नव्हता. ते शेजारच्या आपल्या जुन्या देव्हाऱ्यावर बसून होते. पहिली बस वाजतगाजत गेली. माणसं गेली, बैलगाड्या गेल्या, आपापले शिव्याशाप विसरून सगळं गाव नाचत पलीकडं गेलं. गिरजा माझ्या आईचा हात धरून पलीकडून अलीकडं आली. सगळे पार झाल्यावर आप्पा उठले, मागं वळून काठ पाहिला आणि पुलावर पाऊल टाकलं.

मी थट्टेनं म्हटलं, "आप्पा, हा काही तुम्ही बांधला नाही. तुम्हाला आधी जायला हरकत नव्हती."

"मागितला तर आपनच की," ते म्हणाले.

आता त्यांची पंचाहत्तरी. सूनबाईंची तक्रार आहे, की लोणच्याच्या बरणीला आप्पा फौजी गाठ मारतात आणि मग घरात कुणालाच लोणचं मिळत नाही. नातू म्हणतो, आजोबा बसमध्येही सगळे उतरल्याशिवाय उतरत नाहीत आणि पुढच्या थांब्यावर जातात. मी परवा भेटलो तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले. माझ्याही हाताला आता कंप आहे. आमच्या तुकडीतले किती जण मागं उरलेत ते आम्ही दोघंही मोजत नाही.

अशा लेखाच्या शेवटी सत्कारमूर्तींना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो अशी प्रार्थना करायची असते. मी प्रार्थना करणार नाही, मी आप्पांना त्यांच्याच दंडकाची आठवण करून देणार आहे. आप्पा, तुम्ही आमच्यासाठी किती पूल बांधलेत याचा हिशोब आम्ही ठेवलेला नाही, पण बांधणारा शेवटी पार होतो हे तुम्हीच आम्हाला शिकवलं. पुढच्या नदीवरही ते मोडायचं नाही. आधी मी जाईन, गिरजा जाईल, गुरुजी जातील, हा ग्रंथ हाती घेतलेले सगळे एकेक करून सावकाश जातील. तुम्ही काठावर उभे राहून आमच्या गाठी ओढून पाहा. काठावर कुणी उरलं नाही याची खात्री झाली की मगच निघा. आणि खात्री करायला, हवालदार, तुम्हाला नेहमीच फार वेळ लागतो.

— विश्वनाथ, तुमच्या तुकडीतला, उमरीचा, मुक्काम नांदेड